कोळशाच्या खाणींतील वायूचें गणित

(नभोवाणीवरील भाषण)

घरांत विजेचा दिवा लावतांना आपल्या मनांत कोळशाच्या खाणीचा विचार सहसा येत नाहीं. आपल्या देशांतील विजेचा मोठा भाग आजहि कोळसा जाळूनच निर्माण होतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु जमिनीखालच्या ज्या काळोखांतून कोळसा काढतात, त्या काळोखांत माणसाचा खरा वैरी कोण, याची माहिती फारच थोड्यांस असते. छत कोसळणें, पाणी शिरणें, आग लागणें हे वैरी तर आहेतच. तथापि त्यांची कांहींना कांहीं चाहूल लागते. ज्याची चाहूल लागत नाहीं असा एक वैरी प्रत्यक्ष कोळशाच्या पोटांतच दडून बसलेला असतो. त्याला ना रंग, ना वास, ना चव. रसायनशास्त्रज्ञ त्याला मिथेन म्हणतात. इंग्रज खाणकामगार त्यास 'फायरडँप' म्हणत आले. हा वायु खाणींत किती येईल, केव्हां येईल व कोठून येईल, हें तो येण्यापूर्वींच आंकड्यांनीं सांगण्याचा जो उद्योग माणसानें आरंभिला, त्याचा इतिहास आज मी आपणांपुढें थोडक्यांत मांडणार आहें.

विषय गणिताचा असला तरी श्रोत्यांनीं घाबरून जाऊं नये. माझा जन्म शाळेंत त्रैराशिक शिकविण्यांत गेला; आणि या इतिहासांतील पुष्कळसें गणित त्रैराशिकापलीकडे जात नाहीं. मात्र या त्रैराशिकाचें उत्तर चुकलें तर पाटी पुसून पुन्हां मांडतां येत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवावें.

प्रथम हा वायु कोळशांत येतो कसा, तें पाहूं. कोट्यवधि वर्षांपूर्वीं दलदलींतील वनस्पति गाडल्या गेल्या. वरच्या थरांच्या भारानें व पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें त्यांचा कोळसा होत असतां मिथेन वायु निर्माण झाला. त्यांतील बराचसा निसटून गेला. उरलेला कोळशांतच राहिला. तो बाटलींत कोंडलेल्या हवेसारखा मोकळा राहिला, असें मात्र समजूं नये. कोळशाच्या आंत डोळ्यांस न दिसणारीं असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात, आणि त्या छिद्रांच्या भिंतींस हा वायु चिकटून बसलेला असतो. जोंवर दाब कायम आहे तोंवर तो जागचा हालत नाहीं. कोळसा फोडला, दाब उतरला, कीं तो सुटूं लागतो. एक टन कोळसा स्वतः जेमतेम पाऊण घनमीटर जागा व्यापतो. परंतु कांहीं खोल खाणींतून तेवढ्याच कोळशांत १०, १५, क्वचित् २० घनमीटरहि वायु सामावलेला आढळतो.

आतां या वायूचा स्वभाव पाहा. हवेंत तो शेंकडा ५ पेक्षां कमी असला तर स्फोट होत नाहीं. शेंकडा १५ पेक्षां अधिक असला तरीहि होत नाहीं, कारण मग जळण्यास प्राणवायु पुरत नाहीं. या दोहोंच्या मधल्या पट्टींत मात्र एक ठिणगी पुरे. आणि शेंकडा साडेनऊच्या सुमारास स्फोटाचा जोर सर्वांत भयंकर असतो. तेव्हां खाणीच्या सुरक्षिततेचा हा प्रश्न मुळांत प्रमाणाचा प्रश्न आहे. वायु किती, आणि त्याला विरळ करणारी हवा किती? हा प्रश्न इतका सरळ असूनहि तो सरळपणें विचारावयास माणसास फार दिवस लागले. व मधल्या काळांत फार माणसें मेलीं.

इंग्लंडच्या ईशान्य भागांत टाइन नदीच्या परिसरांत फेलिंग नांवाची खाण होती. २५ मे १८१२ रोजीं तेथें वायूचा स्फोट होऊन ९२ जण मृत्युमुखीं पडले. त्यांत दहा वर्षांच्या आंतबाहेरचीं मुलेंहि होतीं. खाणींतील स्फोटांविषयीं वर्तमानपत्रांनीं फारसा बोभाटा करूं नये, असा त्या भागांत प्रघातच पडला होता. तो प्रघात मोडून तेथील धर्मोपदेशक जॉन हॉजसन यांनीं या अपघाताची साद्यंत हकीकत मृतांच्या नांवांसह छापून प्रसिद्ध केली. लोकमत जागें झालें. पुढच्याच वर्षीं संडरलंड येथें खाणींतील अपघात टाळण्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें. डॉक्टर क्लॅनी, पुढें आगगाडीमुळें प्रसिद्धीस आलेला जॉर्ज स्टीफन्सन, आणि विख्यात रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्रे डेव्ही या तिघांनीं निरनिराळ्या रीतींनीं सुरक्षित दिवे तयार केले. डेव्हीनें १८१५ सालीं असें दाखवून दिलें कीं, ज्योतीभोंवतीं बारीक तारेची जाळी बसविली तर ज्योतीची उष्णता जाळींत पसरून जाते, व बाहेरच्या वायूस आग लागत नाहीं. या दिव्याचें एकस्व त्यानें घेतलें नाहीं, हें त्याच्या थोर मनास साजेसेंच झालें.

डेव्हीच्या दिव्यानें आणखीहि एक काम केलें. हवेंत वायु मिसळलेला असला म्हणजे ज्योतीवर निळसर टोपी दिसूं लागे, आणि वायु जितका अधिक तितकी ती टोपी उंच. कामगारांच्या हातीं वायु 'पाहण्याचें' साधन आलें. आतां मृत्यूंची संख्या घटणार, असें कोणासहि वाटलें असतें. परंतु पुढें १८३५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें नेमलेल्या समितीपुढें जे आंकडे आले, ते विचार करावयास लावणारे होते. डरहॅम व नॉर्दंबरलंड या दोन परगण्यांत १८१६ पूर्वींच्या १८ वर्षांत ४४७ माणसें मेलीं होतीं. आणि दिवा आल्यानंतरच्या १८ वर्षांत ५३८! दिवा सदोष होता, हें एक कारण खरें. खाणकामहि वाढलें होतें, हेंहि खरें. परंतु तिसरें कारण अधिक बोलकें आहे. पूर्वीं ज्या जागा वायूच्या भीतीनें सोडून दिल्या जात, त्या जागीं आतां हातांत दिवा देऊन माणसें पाठविलीं जाऊं लागलीं. साधन सुरक्षिततेचें होतें. उपयोग झाला अधिक कोळसा काढण्याकडे. श्रोतेहो, ही गोष्ट लक्षांत असूं द्यावी. आपल्या कथेच्या शेवटीं तिची पुन्हां गांठ पडणार आहे.

दिवा सांगतो तें वर्तमान, भविष्य नव्हे. वायु आला आहे, एवढेंच दिवा सांगे. वायु येणार आहे, हें सांगण्याचा पहिला मान आणखी एका साध्या यंत्रास मिळाला. तें यंत्र म्हणजे हवेचा दाब मोजणारें वायुभारमापक. जॉन बडल नांवाच्या टाइनकाठच्या अनुभवी खाणतज्ज्ञासारख्या मंडळींच्या ध्यानांत आलें होतें कीं, बाहेर वादळाची हवा होऊन पारा उतरला म्हणजे खाणींत वायु वाढतो. याचें कारण समजण्यासाठीं एक शब्द ओळखीचा करून घेतला पाहिजे. कोळसा काढून झाल्यावर मागें जी रिकामी जागा उरते व जींत छत कोसळून दगडांचा खच पडतो, तिला खाणींत 'गोफ' म्हणतात; आपल्याकडील खाणींतहि हाच शब्द रूढ आहे. त्या दगडांच्या फटींतून वायु सांचून राहतो. समजा, अशा गोफांत एक लाख घनमीटर पोकळी आहे. आणि पारा ७६० मिलिमीटरवरून ७४५ वर उतरला. दाब शेंकडा दोननें घटला, तेव्हां आंतला वायु शेंकडा दोननें फुगला. म्हणजे दोन हजार घनमीटर दूषित वायु माणसें काम करीत असलेल्या वाटेवर बाहेर पडला. कोणी कोळशास हात लावला नाहीं, कोणी चूक केली नाहीं. केवळ आभाळ भरून आलें.

या गोफाचें महत्त्व विद्वानांस पटवून दिलें तें मायकेल फॅरेडेनें. २८ सप्टेंबर १८४४ रोजीं हॅसवेल येथील खाणींत ९५ जण मेले. सरकारनें फॅरेडे व भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल या दोघांस चौकशीसाठीं पाठविलें. त्यांनीं दोन गोष्टी सांगितल्या. एक, वायूचें मुख्य कोठार गोफांत असतें; तेव्हां नळ घालून तो वायु तेथूनच ओढून बाहेर न्यावा. दुसरी, स्फोटाच्या ज्वाळेंत कोळशाची बारीक भुकटीहि जळते व अनर्थ वाढविते. खाणमालकांच्या समितीनें नळांची सूचना व्यवहार्य नसल्याचें कळविलें, आणि भुकटीची गोष्ट लोक विसरून गेले. या विस्मरणाची किंमत पुढें फ्रान्सनें दिली. १० मार्च १९०६ रोजीं कूरिएर येथील खाणींत कोळशाच्या भुकटीनें पेट घेऊन १०९९ माणसें मेलीं. युरोपांत एवढा मोठा खाण-अपघात दुसरा झाला नाहीं. थोडासा वायु ही काडी असते. भुकटी ही दारू.

वायुभारमापकाच्या भाकितास १८७२ सालीं दुहेरी प्रतिष्ठा लाभली. त्या वर्षींच्या ब्रिटिश खाण-कायद्यानें असा नियम केला कीं, ज्या खाणींत ज्वालाग्राही वायु आढळला असेल तिच्या तोंडाशीं, ठळकपणें दिसेल अशा जागीं, वायुभारमापक व उष्णतामापक टांगलेंच पाहिजे. त्याच वर्षीं हवामान-खात्याचे रॉबर्ट स्कॉट व खाणतज्ज्ञ विल्यम गॅलोवे यांनीं रॉयल सोसायटीपुढें एक निबंध ठेवला. १८६८ ते १८७० या तीन वर्षांतील स्फोट आणि त्या त्या दिवसांचें हवामान शेजारीं शेजारीं मांडून त्यांनीं असें दाखविलें कीं, जवळजवळ निम्म्या स्फोटांचा संबंध वायुभाराच्या चढउताराशीं लावतां येतो. खाणींतील वायूच्या प्रश्नांत सांख्यिकीचा हा जवळजवळ श्रीगणेशाच म्हणावयास हरकत नाहीं.

तथापि पारा उतरला म्हणजे धोका वाढला, इतकेंच त्यावरून कळे. किती वाढला, हें कळत नसे. शिवाय उरलेल्या निम्म्या स्फोटांचें काय? त्यांचा संबंध वायुभाराशीं लावतां आला नव्हता. वायूचें मूळ तर रोज फोडल्या जाणाऱ्या कोळशांत होतें. पंखे मोठे झाले, खाणींत किती हवा जाते व परततांना तींत किती वायु असतो याचें मोजमाप नियमानें होऊं लागलें, तेव्हां एक साधा विचार पुढें आला: दिवसभरांत खाणींतून बाहेर पडलेल्या वायूस त्या दिवशीं निघालेल्या कोळशानें भागावें. जो भागाकार येईल तो त्या खाणीचा स्वभाव. एक टन कोळशामागें किती घनमीटर वायु, या एका आंकड्यानें सर्व खाणी एकाच मापानें मोजतां येऊं लागल्या.

आपण एक उदाहरण सोडवून पाहूं. एका खाणींत टनामागें १० घनमीटर वायु निघतो, आणि रोज १००० टन कोळसा काढावयाचा आहे. दिवसाचा वायु झाला १०,००० घनमीटर. दिवसाच्या १४४० मिनिटांनीं भागलें तर मिनिटास सुमारें ७ घनमीटर. परतीच्या हवेंत वायूचें प्रमाण शेंकडा पाऊणहून अधिक नसावें, असा आपल्या देशांतील नियम आहे. तेव्हां ७ घनमीटर वायूसाठीं मिनिटास सुमारें ९३० घनमीटर हवा लागेल. पंखा तेवढी हवा देतो, असें समजा. आतां मालकानें सांगितलें कीं, उद्यांपासून २००० टन काढा. पंखा मात्र तोच. वायु दुप्पट, हवा तेवढीच. प्रमाण झालें शेंकडा दीड. खाणीच्या कोणत्याहि जागीं प्रमाण शेंकडा सव्वाच्या पुढें जातां कामा नये, असें तोच नियम म्हणतो. म्हणजे काम बंद करून माणसें मागें घ्यावीं लागतील. पाहा, एका त्रैराशिकानें केवढें मोठें सत्य उघडें केलें! खाणींतून किती कोळसा काढतां येईल, हें केवळ मजुरांच्या बाहुबळावर किंवा यंत्राच्या दांतांवर ठरत नाहीं. वायूच्या हिशेबावर ठरतें.

परंतु हा हिशेब आज चालूं असलेल्या खाणीचा झाला. अजून न खोदलेल्या खोल थराचें काय? पंखा किती मोठा बसवावा, वाटा किती रुंद कराव्या, हें तर आधींच ठरवावें लागतें. सोव्हिएत संघांत डॉनबासच्या कोळसाक्षेत्रांत वगैरे यासाठीं एक सुटसुटीत रीति रूढ झाली. जमिनीच्या पृष्ठभागाजवळचा वायु युगानुयुगें निसटून गेलेला असतो. म्हणून वरच्या पट्ट्यांत तो नांवापुरता असतो. एका ठराविक खोलीस टनामागें २ घनमीटर वायु मिळूं लागला, कीं तेथून खरी मोजणी सुरूं करावयाची. पुढें किती मीटर खालीं गेलें म्हणजे टनामागें एक घनमीटर वाढतो, ही 'पायरी' त्या क्षेत्रांतील जुन्या खाणींच्या अनुभवावरून काढावयाची. उदाहरणार्थ, २०० मीटरवर २ घनमीटर मिळाला आणि पायरी २० मीटरची आहे, तर ४०० मीटरवर १० पायऱ्या झाल्या. म्हणून २ अधिक १०, एकूण १२ घनमीटर. शाळेंतल्या मुलानेंहि सोडवावें असें हें उदाहरण! वर्षानुवर्षें त्याच्या आधारानें खाणी आंखल्या गेल्या.

या सोप्या रीतींत दोन उणिवा होत्या. पहिली उणीव अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर याच्या सिद्धांतावरून समजते. पृष्ठभागावर वायु कसा चिकटतो, याचें गणित त्यानें पहिल्या महायुद्धाच्या काळांत मांडलें. एखाद्या सभागृहांत प्रथम येणाऱ्यांस जागा सहज मिळते. खुर्च्या भरत आल्या कीं मागून येणाऱ्यांची अडचण होते. तसेंच येथें. दाब वाढला म्हणून चिकटलेला वायु त्याच प्रमाणांत वाढत नाहीं. वाढ हळूहळू मंदावते. म्हणजे पायऱ्यांची सरळ शिडी फार खोलवर नेली तर फसवते.

दुसरी उणीव याहून मोठी होती. बऱ्याच खाणींत असा विचित्र अनुभव येई कीं, फोडलेल्या कोळशांत जेवढा वायु असणें शक्य आहे, त्याच्या कित्येक पट वायु खाणींत येतो. हा वरकड वायु कोठला? उत्तर असें निघालें कीं, तो शेजाऱ्यांचा. लांबच लांब पट्ट्यानें एक थर काढून घेतला म्हणजे वरचे खडक वांकतात व फाटतात, खालचे खडक सैल होऊन उचलतात. त्या खडकांत कोळशाचे दुसरे थर असले तर त्यांच्यावरील दाब उतरतो, आणि कोणी त्यांस स्पर्शहि न करतां त्यांचा वायु फटींतून या खाणींत येतो. वरच्या बाजूस शेंदीडशें मीटरपर्यंतचे थर असे जागे होतात. खालच्या बाजूस त्याहून पुष्कळ कमी अंतरावरचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड व ब्रिटन या देशांतील संशोधकांनीं यासाठीं आलेख तयार केले. शेजारचा थर किती अंतरावर आहे तें पाहावयाचें, आलेखावरून त्याच्या वायूचा कितवा हिस्सा सुटेल तें वाचावयाचें, आणि सगळ्या थरांच्या हिश्शांची बेरीज करावयाची. त्याच विचारांतून फॅरेडेची जुनी सूचनाहि नव्या रूपानें जिवंत झाली. जर्मनीच्या रूर भागांत मान्सफेल्ड खाणींत १९४३ सालीं खडकांत भोंकें पाडून हा वायु नळांनीं पद्धतशीर ओढून घेण्यास प्रारंभ झाला. जें एका शतकापूर्वीं अव्यवहार्य ठरलें होतें, तें जगभर व्यवहारांत आलें.

आतां बेरीज करावयाची तर प्रत्येक थरांत मुळांत वायु किती आहे, हें ठाऊक पाहिजे. जमिनीवरून भोंक पाडून कोळशाचा नमुना काढतां येतो. परंतु नमुना वर येईपर्यंत वाटेंतच त्यांतला कांहीं वायु उडून जातो. जो निघून गेला तो मोजावयाचा कसा? येथें गणितानें फार सुंदर युक्ति सांगितली आहे. नमुन्यांतून आरंभीं सुटणारा वायु काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. म्हणजे एका मिनिटांत १ भाग सुटला तर ४ मिनिटांत २ व ९ मिनिटांत ३. म्हणून नमुना वर येतांच डब्यांत बंद करावा, पुढें सुटणारा वायु वेळोवेळीं मोजावा, व काळाच्या वर्गमुळासमोर मांडावा. सरळ रेषा येते. ती रेषा मागें, नमुना जागेवरून सुटला त्या क्षणापर्यंत, वाढवीत नेली कीं हरवलेल्या वायूचा हिशेब सांपडतो. शेवटीं कोळसा दळून त्यांत उरलेला वायुहि मोजावयाचा. फ्रान्समध्यें बर्तार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही रीति १९७० सालीं प्रसिद्ध केली. अमेरिकेंत २० नोव्हेंबर १९६८ रोजीं फार्मिंग्टन येथील स्फोटांत ७८ खाणकामगार गेले होते. त्यानंतर तेथें संशोधनास वेग आला, आणि १९७३ सालीं तेथील खाण-संशोधन खात्यानें हीच रीति आपल्या थरांसाठीं सिद्ध केली.

ब्रिटनमध्यें एअरी यानें १९६८ सालीं फुटलेल्या कोळशांतून वायु कालांतरानें कसा सुटतो याचें सूत्र मांडलें. त्याचें मर्म साध्या भाषेंत असें: कोळसा आपला वायु एकदम देत नाहीं, आरंभीं भराभर देतो, मग हात आखडतो, परंतु दिवसेंदिवस देतच राहतो. म्हणून रविवारीं काम बंद असलें तरी खाण वायु सोडतच असते. आणि म्हणूनच आपलें मघांचें त्रैराशिकहि अगदीं काटेकोर नव्हे. कोळसा झपाट्यानें काढला तर वायु वाढतो खरा, पण अगदीं त्याच प्रमाणांत नाहीं. कारण कोळशाचा कांहीं वायु त्याच्याबरोबरच खाणीबाहेर जातो. अशा बारकाव्यांचे हिशेब पुढें संगणकाकडे सोंपविले गेले. आज कित्येक खाणींतून वायु मोजणारीं यंत्रें अखंड आंकडे पाठवितात, आणि त्यांवरून पुढच्या कांहीं तासांचें भाकीत करण्याचे प्रयत्न चालले आहेत.

आपल्या देशाकडे वळूं. राणीगंज व झरिया या पूर्वेकडील कोळसाक्षेत्रांतून खोल व वायुमय थर आहेत. १९ फेब्रुवारी १९५८ रोजीं राणीगंज क्षेत्रांतील चिनाकुरी या अत्यंत खोल खाणींत स्फोट होऊन सुमारें पावणेदोनशें कामगार मृत्यु पावले. आपल्या कोळसाखाण-नियमांनीं थरांच्या तीन श्रेणी केल्या आहेत. त्यांचा मुख्य पाया तोच, टनामागें किती वायु हा. १ घनमीटरपर्यंत, व हवेंतील प्रमाण शेंकडा एक-दशांशाच्या आंत असल्यास, पहिली श्रेणी. १ ते १० पर्यंत दुसरी. १० च्या वर तिसरी. महाराष्ट्रांत वर्धा नदीच्या खोऱ्यांतील चंद्रपूर-यवतमाळकडच्या बहुतेक भूमिगत खाणी पहिल्या श्रेणींत येतात, ही त्या भागांतील कुटुंबांच्या दृष्टीनें समाधानाची गोष्ट आहे. परंतु पहिली श्रेणी म्हणजे शून्य नव्हे. जेथें हवा खेळत नाहीं अशा कोपऱ्यांत थोडा वायुहि छताशीं सांचतो, कारण तो हवेहून हलका आहे.

येथपर्यंतचा इतिहास ऐकून कोणासहि असें वाटेल कीं, गणित पुरें झालें, आतां भय उरलें नाहीं. तसें असतें तर किती बरें झालें असतें! न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पाइक रिव्हर नांवाची नवी खाण होती. १९ नोव्हेंबर २०१० रोजीं तेथें वायूचा स्फोट होऊन २९ जण मेले. पुढें चौकशी-आयोगानें आपला अहवाल २०१२ सालीं दिला, तेव्हां असें उघड झालें कीं, स्फोटापूर्वींच्या ४८ दिवसांत वायु स्फोटक प्रमाणास पोंचल्याच्या २१ नोंदी झाल्या होत्या. आणि त्याहून कमी, तरीहि धोकादायक प्रमाणाच्या आणखी २७. डेव्हीच्या काळीं जें ज्ञान कोणाजवळच नव्हतें, तें येथें कागदावर लिहिलेलें होतें. फेलिंगचीं माणसें अज्ञानानें मेलीं. पाइक रिव्हरचीं माणसें ज्ञान हाताशीं असून मेलीं. आयोगाचा निष्कर्ष असा कीं, खाण पुरती सज्ज होण्याआधींच कोळसा काढण्याची घाई करण्यांत आली, आणि त्या घाईंत धोक्याच्या सूचनांकडे दुर्लक्ष झालें. डेव्हीच्या दिव्याविषयीं मघां जें सांगितलें, तेंच येथें दुसऱ्या वेषांत पुन्हां उभें राहिलें.

याचा अर्थ गणित व्यर्थ, असा कोणी करूं नये. याच गणितानें खाणींतील पंखे योग्य मापाचे झाले, वायु नळांनीं बाहेर निघूं लागला, आणि ज्या थरांत पूर्वीं पाऊल टाकणें म्हणजे दैवाची परीक्षा पाहणें होतें, तेथें माणसें रोज जाऊन सुखरूप घरीं परत येऊं लागलीं. परंतु खाणींतील वायूचें भाकीत हें पावसाच्या भाकितासारखें नव्हे. पाऊस आपल्या सांगण्यानें थांबत नाहीं. खाणींतला वायु मात्र बऱ्याच अंशीं आपल्याच कामाच्या गतीनें येतो. म्हणून येथें भाकीत हा नुसता अंदाज नसून एक मर्यादा असते. इतक्या हवेंत इतकाच कोळसा, याहून अधिक नाहीं, असें तें बजावतें. ती मर्यादा मान्य करावयाची म्हणजे कांहीं टन कोळसा आज सोडून द्यावयाचा, कांहीं रुपये आज गमवावयाचे. हा त्याग करण्याची ज्या व्यवस्थेंत तयारी असते, तेथें एक साधें त्रैराशिकहि शेंकडों जीव वांचवितें. ज्या व्यवस्थेंत ती नसते, तेथें उत्तमोत्तम यंत्रांचे आंकडे मागाहून बसणाऱ्या चौकशी-आयोगाच्या उपयोगीं पडतात, एवढेंच.

आंकडा बोलतो, ऐकण्याचें काम मात्र माणसाचें आहे. वायूच्या दोनशें वर्षांच्या इतिहासानें हाच एक धडा पुनःपुन्हां दिला आहे, आणि तो प्रत्येक पिढीनें नव्यानें गिरविला पाहिजे.